गड्याला झाड धरत नाही

आमच्या गावात बायकांना झाड धरायचं. गड्यांना धरत नसे. हे कुणी ठरवलं होतं ते ठाऊक नाही, पण त्याबद्दल कुणाला शंकाही नव्हती.

झाड धरणं म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. एखादी बाई अबोल झाली, तिचं जेवण सुटलं, पाणी घेऊन येताना वाटेतच बसून राहिली, किंवा दळता दळता उगाच रडू लागली, की घरातली थोरली बाई म्हणायची, "हिला कुटंतरी झाड धरलंय." म्हणजे एखाद्या झाडावरचं, ओढ्यावरचं काहीतरी तिच्या मागं आलं. मग शुक्रवारी तिला गावदेवीच्या देवळात न्यायचं. नारळ, लिंबू, सुपात तांदूळ, भगताला पानसुपारी, एवढी तयारी. देवळात फणसाच्या लाकडाचा एक पाट होता. बाईला त्यावर बसवून भगत तांदूळ टाकायचा आणि विचारायचा, "कोण हायेस तू? कुटनं आलीस? काय पायजे तुला?" बाई केस सोडून घुमू लागली की दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात उत्तर द्यायची. आणि त्या आवाजानं जे मागितलं ते घरच्यांना द्यावं लागे. देवीसमोर कबूल केलेलं असे, नाही म्हणायची सोय नव्हती.

ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुणाला माहेरी जायचं असे. कुणाला सासूनं पहाटे जात्यावर बसवू नये असं वाटे. माझ्या एका चुलतीच्या अंगातलं भूत बहुतेक ताम्हिणी चढून कोकणातून आलेलं असावं, कारण ते दर खेपेला सुके बोंबील मागे. चुलते वैतागून म्हणायचे, "ह्या भुताला नाचणीची भाकर का ग्वाड लागत न्हाई?" पण बोंबील आणायचे. ते खाऊन चुलती महिनाभर खुशीत असायची.

पुरुष देवळात जायचे ते नारळ फोडायला, हलगी वाजवायला आणि जत्रेत देवाची काठी नाचवायला. पाटावर बसायला नाही.

माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पटकीनं गेला आणि मी माहेरी परत आले. घरात आई, आबा, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. मी आले तशी आईनं घराची कोठी माझ्या हाती दिली. आता मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. काय सरलं, काय आणायचं, कामाची पाळी कुणाची, हे लिहून काढल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. ती सवय माहेरची. तेव्हा कागद नसे, मी कणगीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. अक्षरं मला भावानंच शिकवली होती. तो पौडच्या शाळेत चार बुकं शिकला, आणि घरी येऊन तेच धडे माझ्याकडून धुळीत गिरवून घ्यायचा. मी त्याला दादा म्हणत असे. पुढं सगळं गावच त्याला दादा म्हणू लागलं.

दादा अंगानं दणकट होता. जत्रेतली काठी नाचवायचा मान आमच्या घराचा. उंच काठी, टोकाला निशाण, तळ कमरेच्या कातडी पट्ट्यात अडकवायचा आणि हात न लावता हलगीच्या तालावर नाचायचं. आबांचे गुडघे गेल्यावर दादानं ती घेतली. तो काठी घेऊन निघाला की बायका आपल्या पोरांना पुढं करून सांगत, "बघ, गडी असावा तर असा."

धरणाची भिंत उभी राहून खालच्या खोऱ्यातल्या गावांत पाणी चढू लागलं, ते हेच दिवस. आमचं गाव वरच्या अंगाला. आमचं एक खाचरसुद्धा बुडालं नाही. पण दादाचे सगळे सोबती खालचे. त्यांना घरं उकलून वर आणायची होती. तुळया, वासे, दाराच्या चौकटी, जे निघेल ते. दादा तो अख्खा उन्हाळा खाली जात राहिला. खांद्यावर तुळई घेऊन चढ चढायचा आणि वर येऊन पुन्हा उतरायचा. एका म्हातारीनं हट्ट धरला की माझी चूल पण न्यायची. सगळे हसले. दादानं चुलीखाली फळी सारली आणि ती मातीची चूल अख्खी वर आणली. खाली ठेवताना मात्र ती दुभंगली. म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे लेकरा. तू आणलीस तर खरी." दादाही सगळ्यांबरोबर हसला.

पावसाळा गेला. भात निसवलं. खाली सगळीकडे पाणी दिसू लागलं. आणि दिवाळीच्या सुमाराला दादाचं काहीतरी बिघडलं.

सुरुवात लहान होती. तो जेवायला बसायचा, पहिला घास मोडायचा आणि तो हातातच राहायचा. मुलींनी काही विचारलं तर त्याला ऐकू यायला वेळ लागायचा. विळ्याला धार लावायला बसला की धार लागून गेली तरी घासत राहायचा. झोप उडाली होती. पहाटे मी दूध काढायला गोठ्यात गेले तर तो आधीच तिथं असे. एकदा तो तांबड्या बैलाच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता.

"दादा, काय करतोयस?"

"गोचीड काढतुया."

त्याचे हात बैलाच्या अंगावर होते, पण बोटं हलत नव्हती. मी चरवी ठेवून जवळ गेले. बैलाची मान ओली झाली होती.

"दादा, काय हुतंय तुला?"

"काय न्हाई गं बाय. जा तू. वासरू सोड."

ज्याला काय होतंय ते विचारावं, त्यानं काही नाही म्हणावं, असं आमच्या घरात आठवडेच्या आठवडे चाललं. मग सगळ्यांनी आपापल्या परीनं उपाय सांगितले. आई म्हणाली, "दिष्ट लागली माज्या लेकाला," आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. चुलते म्हणाले, "थोडी घेत जा संध्याकाळची. गडी मानसाला लागती." सोबती पारावर बसून त्याला म्हणायचे, "आमचं समदं पाण्यात गेलं, आमी हसतुया. तुजं चिंबोरीचं बीळसुदीक भिजलं न्हाई, अन् तू काय त्वांड पाडून बसलायंस?" त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. त्याला हसवायचं होतं. तो हसायचाही. पण त्या दिवसापासून तो पाराकडे जायचा बंद झाला. ज्यांचं गेलं ते उभे आहेत आणि आपलं राहिलं तरी आपण पडतोय, याची त्याला लाज वाटू लागली, हे त्यानं सांगितलं नाही तरी दिसत होतं.

आबांचं बोलणं मला जास्त आठवतं. ते एकदा त्याच्या शेजारी बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मला बी हुयाचं असं. तुज्यायेवढा हुतो तवा. नांगर धरला का जायाचं."

"गेलं का?" दादानं विचारलं.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते उठले.

वहिनी बोलायला फार नव्हती, पण तिचं डोकं चालायचं. पौष महिन्यात आम्ही दोघी पेंढा रचत होतो. ती वर उभी, मी खालून देत होते. तिनं वरूनच म्हटलं, "वन्सं, ह्यास्नी पाटावर न्यायला पायजे."

"गड्याला? लोक काय म्हणतील?"

"म्हून तर मी बसते."

मला आधी कळलंच नाही. मग ती खाली वाकून हळू म्हणाली, "मला झाड धरलंय म्हून सांगा सासूबाईस्नी. काल वड्यावर घेरी आली म्हना. म्होरलं मी बगते."

"पाटावर काय मागशील?"

"ह्यास्नी काय पायजे ते."

"त्यानं तुला सांगितलंय?"

"सांगत्यात कुटं? पर माजं डोळं फुटल्यात व्हय?"

मी आईला सांगितलं. वहिनी दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढं घुमली. तिचं घुमणं खरं होतं की खोटं, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. सामान मीच काढलं, देवळात मीच तिला धरून नेलं. भगतानं तांदूळ टाकले. तिचे केस सुटले, मान फिरू लागली. भगतानं विचारलं, "काय पायजे तुला?" आणि वहिनीच्या तोंडून एक भरड, म्हातारा आवाज आला.

"ह्या घरचा गडी माज्याजवळ बसंल. उनं वर आल्याबिगर श्येतात जायाचा न्हाई. त्येला कुनी हाका मारायच्या न्हाईत. त्यो निजला तर उटवायचं न्हाई."

"किती दीस?"

"मी सोडीन तवर."

भगतानं आबांकडं पाहिलं. आबांनी मान डोलावली. दादा देवळाच्या खांबाशी उभा होता. तो वहिनीकडे असा बघत होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

देवीसमोर कबूल केलेलं. आता त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. तो पडवीत बसून वाखाच्या दोऱ्या वळायचा. दुपारी झोपायचा. मळणीची कामं आबा, मी आणि एक गडी मिळून उरकायचो. दोऱ्या इतक्या झाल्या की मी त्या शेजारच्या धनगरांना दिल्या आणि बदल्यात लोणी घेतलं. खरंच सांगते, त्याला उतार पडत होता. तो धाकटीला मांडीवर घेऊ लागला. वहिनीशी हळू आवाजात बोलू लागला. मी आत तांदूळ पाखडत असताना एकदा त्याचं बोलणं कानावर आलं.

"तुळईला भुंगा लागतो बग. भायेरनं कशी साफ दिसती. खांद्यावर घेतली का कळतं, हलकी लागती. तसं झालंय."

वहिनी म्हणाली, "मग हलकंच ऱ्हावा की. कुनी काय ठिवलंय तुमच्यावर?"

तो हसला. माझ्या भावाचं ते हसणं फार दिवसांनी ऐकलं म्हणून मी सूप खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले.

पण याची किंमत वहिनी मोजत होती. झाड एखाद्या शुक्रवारी उतरलं तर ती गंमत. ते महिना उलटला तरी उतरेना, तेव्हा लोक बिचकू लागले. माघातल्या लग्नात तिला नवरीला हळद लावू दिली नाही. कुणाच्या ओटीभरणाला बोलावलं तर तिला मागं बसवायचे. पाण्यावर बायका तिची घागर भरून होईपर्यंत लांब थांबायच्या. मुलींना पोरं चिडवायची, "झाडवालीच्या पोरी." वहिनी हे घरी सांगत नसे. मी सांगत नसे. पण गाव लहान होतं.

पुरुष दादाला वेगळं बोलायचे. "काय दादा, वैनीच्या भुताची राखण सपली का न्हाई अजून?" "भुताला बी गडी पसंत पडलाय म्हणायचा!" तो हात वर करून हसून पुढं जायचा.

चैत्रात जत्रा आली. काठी कोण नाचवणार यावर घरात कुणी शब्द काढला नाही. दादानंच पट्टा तेल लावून मऊ केला. त्या दिवशी त्यानं काठी अशी नाचवली की खालच्या गावचे, घरं उठलेले लोकसुद्धा ओरडत होते. काठीचं निशाण एकदाही कलंडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यानं पट्टा सोडला आणि तो भिंतीला टेकून बसला. तोंड राखेसारखं झालं होतं. वहिनीनं त्याचे पाय चेपले. गाव मात्र खुश होतं. गडी धडधाकट आहे, म्हणजे जे काय आहे ते बायकोलाच आहे, हे आता सगळ्यांचं पक्कं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटी जेवता जेवता म्हणाली, "आयेला झाड सोडनार कदी?"

 दादानं ताट बाजूला सारलं. आम्ही भांडी घासत होतो तिथं तो आला आणि वहिनीला म्हणाला, "शुक्रवारी मी बसतो."

"तुमी नगा. हसतील."

"हसूंदेत. माजा आजार तुज्या नावावर किती दीस ठिवायचा?"

"मला काय बी हुत न्हाई."

"मला हुतंय की."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सामान काढते." मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, आता सरळ मार्गानं होईल. ज्याचं दुखतं तोच सांगेल, ज्यानं विचारायचं तो विचारेल. यात अडचण काय, असं मला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी पसरली होती. दादानं पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि तो पाटावर बसला. पाट बायकांच्या मापाचा. त्याचे गुडघे दोन्हीकडे बाहेर आले. तिथंच पहिलं हसू फुटलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "केस सोड रं आता!"

भगत म्हातारा होता, भला होता. त्यानं हसणाऱ्यांना दटावलं. मग तांदूळ टाकले आणि विचारलं, "कोण हायेस तू?"

दादा म्हणाला, "मीच हाय."

"तू कोण?"

"मी. मीच हाय की, बाबा."

देवळात असा हशा झाला की कबुतरं उडाली. भगत गोंधळला. त्याला कुणालाही दुखवायचं नव्हतं. पण त्याची रीत ठरलेली होती. पाटावर दुसरं कुणीतरी बोलावं लागतं, झाडावरचं, ओढ्यावरचं. मग त्याच्याशी बोलता येतं, भांडता येतं, देणंघेणं करता येतं. दादाजवळ दुसरं कुणी नव्हतं. भगतानं पुन्हा तांदूळ टाकले, लिंबू कापलं, अंगारा लावला, आणि परत विचारलं, "काय पायजे तुला?"

"काय न्हाई पायजे."

"मग बसलायंस कशाला?"

दादानं मान वर केली. सगळ्यांकडे नाही, फक्त भगताकडे बघत तो म्हणाला, "भ्या वाटतं."

"कशाचं?"

"त्येच कळत न्हाई. सकाळी डोळं उगडलं का भ्या वाटतं. उटायचं भ्या वाटतं."

आता हसणं थांबलं. मला वाटलं, कुणीतरी पुढं होईल. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पण ती शांतता वेगळीच होती. लोकांना अवघड झालं होतं. कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी खाकरलं. शेवटी चुलत्यांनीच सगळ्यांची सुटका केली.

"आरं, परवा काठी नाचवलीस गावापुढं, अन् भ्या कसलं वाटतं तुला? उंदराचं?"

हसू परत आलं, आणि त्यात सुटल्याचा आवाज होता. भगतही हसला. त्यानं दादाच्या पाठीवर थाप मारली. "तूच बोलतुयास म्हंजी धरलंय कुनी न्हाई. गड्याला झाड धरत न्हाई, बाबा. ऊट. देवी हाय पाठीशी."

दादा उठला. सगळ्यांबरोबर तोही हसला. खुंटीवरचं पागोटं घेऊन त्यानं नीट बांधलं.

वाटेत आबा त्याच्या जोडीनं चालत होते. ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज विनवणीचा होता. "लेका, असं चारचौघांत बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," दादा म्हणाला.

त्यानं तो शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी उठू लागला. राब भाजला, बांध घातले, नांगर धरला. जेवायला बसला की ताट संपवून उठायचा. घरात सगळ्यांना बरं वाटलं. आई म्हणाली, देवीनंच हसवून पळवलं. वहिनीलाही बायका पुन्हा जवळ करू लागल्या, कारण दादा शेतात जाऊ लागला म्हणजे तिचंही झाड उतरलं, असं सगळे धरून चालले. ती एकटी घाबरलेली होती. जातं ओढताना मला म्हणाली, "वन्सं, हे बरं झाल्यालं न्हाई. हे दार लावून घेतल्यालं हाय."

मी म्हटलं, "जेवतोय तर खरा."

"जेवत्यात. बोलत न्हाईत. पयलं मला तरी सांगायचे."

लावणी झाली. श्रावण गेला. त्या पाण्याच्या कडेच्या गावांत तेव्हापासून हिवताप फार वाढला होता. आमच्याही घरात एकेकाला येऊन गेला. पौडच्या दवाखान्यात त्याची कडू पुडी मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांना आणि आईला मी गाडीतून तिथं नेऊन आणलं होतं. भाद्रपदाच्या शेवटी दादा खाचरात उन्हात घोंगडी पांघरून काम करताना दिसला. मी विचारलं. म्हणाला, "वारं लागतंय." तो दिवसाआड घोंगडी घेऊन जाऊ लागला, आणि परत येताना बांधाला धरून धरून यायचा. घरात शिरायच्या आधी मात्र ताठ व्हायचा.

मी बैलगाडी जुंपायला सांगितलं. तो म्हणाला, "भात पोटरीला आलंय, डुकरं शिरत्यात, मी जानार न्हाई." ओढून कसं नेणार? मग वहिनी एकटी पौडला चालत गेली. तिनं आपल्यालाच थंडीताप येतो असं सांगून पुड्या आणल्या. दुसऱ्या कुणाचं सांगून मिळतील की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि ही वाट तिच्या पायाखालची होती.

दादानं पुड्या हातात घेतल्या. विचारलं, "कुनाच्या नावानं आणल्यास?"

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तुज्या नावानं आता माज्यासाटी काय बी आणू नगंस," तो म्हणाला, आणि पुड्या तिच्या हातात परत ठेवल्या. तिनं मग पुडी गुळात घालून दिली. त्यानं एक घास चावला, त्याला कडू लागलं. तो रागावला नाही. उरलेला गूळ ताटाच्या कडेला ठेवला आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

एका सकाळी तो बांधावर पडलेला सापडला. चार जणांनी उचलून आणला. त्या दिवशी त्याला कुणाचं भान नव्हतं, तेव्हा मी त्याच्या तोंडात पुडी घातली, पण ती गिळायला त्याच्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

अंगणात माणसं जमली. मी पाणी, सरण, गोवऱ्या, सुतक धरणाऱ्या घरांना निरोप, हे सगळं बघत फिरत होते. जाता येता माझ्या कानावर तेच पडत होतं. "शेवटपत्तुर हूं का चूं केलं न्हाई." "आंगात ताप, अन् नांगर सोडला न्हाई पट्ठ्यानं." "गडी असावा तर असा." वहिनी आत ऐकत होती. तिनं एकदाच तोंडावर पदर घेतला.

दहाव्याला सगळे पाण्यावर गेलो. नदीवरची जुनी जागा धरणात गेली होती, म्हणून नव्या पाण्याच्या कडेला एक मोकळी जागा काढली होती. पिंड ठेवला. मंडळी मागं सरून कावळ्याची वाट बघत उभी राहिली. कावळा आला नाही.

मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन हात जोडले. आबा म्हणाले, "काय ऱ्हायलं असंल तुजं तर सांग लेका. बैल इकनार न्हाई." कावळा नाही. चुलते म्हणाले, "पोरींची लगीनं मी करून देतो, काळजी करू नगं. काय पायजे तुला?" सोबत्यांतला एक रडत म्हणाला, "काठी तुज्या घरात ऱ्हाईल, आमी दुसऱ्याला देनार न्हाई. आजून काय पायजे, बोल की रं." भगतानं तांदूळ टाकले. त्यानंही विचारलं. ऊन चढलं. पाणी स्थिर होतं, त्यावरून एक पाखरूसुद्धा उडालं नाही.

कुणीतरी म्हणालं, "बायकोला इचारा. तिला ठावं असंल काय इच्छा ऱ्हायली."

सगळे वळून आमच्याकडे बघू लागले. वहिनी माझा हात धरून उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "त्येंनी सांगितलं हुतं. देवळात. तुमी समदे हुता."

 चुलते वाकून पायातला काटा काढू लागले, काटा नव्हता. मग एक वयस्क माणूस म्हणाला, "हितं झाडं कुटं हायेत? कावळं येनार कुटनं?" ते खरं होतं. पाण्याच्या कडेची झाडं बुडाली होती, नवी अजून लागली नव्हती. सगळ्यांना ते पटलं. भगतानं दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. पुरुष मंडळी अंघोळीला पाण्यात उतरली.